देहाचे माप आणि देहाची अमानत

ईदच्या आधी नांदेडच्या इतवाऱ्यात किंवा लातूरच्या गंजगोलाईत कपडे शिवायला टाकताना आपल्या घरांतील कित्येक स्त्रिया शिंप्याला अंगाचे माप देत नाहीत. मापाला जुना कुर्ता पाठवतात. शिंप्याला हवे ते मिळते आणि देह घरीच राहतो.

आता मापासाठी यंत्रे आली आहेत. भारतीय बांध्याचा मापतक्ता तयार करण्यासाठी राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्थेने 15 ते 65 वयाच्या सुमारे 25,000 स्त्री-पुरुषांची मापे त्रिमितीय स्कॅनरने घेण्याचा प्रकल्प हाती घेतला. त्याच्या सहा शहरांत मुंबईही आहे. परक्या मापांवर बेतलेले तयार कपडे आपल्याला नीट बसत नाहीत, तेव्हा हेतू चांगलाच म्हणायचा. अशा यंत्रांच्या एका प्रकारात अवरक्त प्रकाशाचे, डोळ्यांना न दिसणारे ठिपके अंगावर पाडतात. अंगाच्या चढउतारांवर ठिपक्यांची रचना बदलते. त्यावरून संगणक प्रत्येक बिंदूचे अंतर काढतो आणि देहाची आकृती उभी करतो. सैल बुरख्यात उभे राहिल्यास बुरख्याचेच माप निघेल, म्हणून अंगालगतचे तंग कपडे घालावे लागतात.

कोणी म्हणेल, सूरह नूरमधील आज्ञा माणसाच्या नजरेसाठी आहे. यंत्राला ना नजर, ना वासना. मग सतरचा प्रश्न येतोच कोठे? हा युक्तिवाद वाटतो तितका पक्का नाही. मय्यतीला गुस्ल देताना आपण सतर झाकलेलेच ठेवतो. मृताला लाज वाटत नसते, तरीही झाकतो. कारण सतर ही केवळ मनाची भावना नव्हे, तो देहाचा हक्क आहे. शिवाय गुस्ल देणाऱ्याने पाहिलेले उणे बाहेर सांगू नये, अशी शिकवण आहे. यंत्र मात्र विसरत नाही. शिंप्याच्या वहीत छाती, कंबर, बाही असे आठ-दहा आकडे असतात. त्यांतून कोणालाही तुमच्या बहिणीची आकृती उभी करता येत नाही. यंत्राच्या साठ्यातून ती केव्हाही, कोणाच्याही पडद्यावर उभी राहू शकते. नजर असलेला माणूस तेथे नंतर येतो.

उपचारासाठी वैद्याला गरजेपुरतेच पाहण्याची मुभा फकीहांनी दिली आहे. कुर्त्याची गरज आकड्यांवर भागते. आकडे काढून घेतल्यावर आकृती ठेवण्याचे कारण उरत नाही. डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणासाठी 2023 साली झालेला कायदाही संमती मागतो आणि हेतू पुरा झाल्यावर माहिती पुसण्याची जबाबदारी साधारणतः ती घेणाऱ्यावर टाकतो. तेव्हा अशा यंत्रापुढे उभे राहण्यापूर्वी मोजणारी स्त्री आहे का, आकृती कोठे साठते आणि केव्हा पुसली जाईल, हे अवश्य विचारावे. उत्तर शक्यतो लेखी घ्यावे.