दुसऱ्यांची गर्दी

मुंबईत राहून वाहनांच्या गर्दीबद्दल तक्रार न करणारा मनुष्य एक तर कालच गावाहून आलेला असावा किंवा त्याला कोठेच जावयाचे नसावे, असे कोणीही समजेल. आम्हीही ही तक्रार नेमाने करतो. उशीर झाला की 'वाटेत फार गर्दी होती' असे सांगतो आणि ऐकणारा सहानुभूतीने मान डोलावतो. त्या गर्दीत एक वाहन आमचेही होते, हे मात्र सांगणाराही विसरतो व ऐकणाराही. गर्दी नेहमी दुसऱ्यांची असते. आपण तिच्यात केवळ सापडलेले असतो.

रस्ते अपुरे पडतात म्हणावे, तर शहराने रस्ते बांधावयाचे थोडेच थांबविले आहे? २००९ साली वांद्रे-वरळी सागरी सेतू झाला, २०१३ साली पूर्व मुक्तमार्ग झाला, आणि २०२४ पासून किनारी रस्ताही टप्प्याटप्प्याने खुला झाला. परंतु रस्ता रुंद झाला की जे घरी बसले असते तेही बाहेर पडतात, आणि काही दिवसांत पहिले पाढे पंचावन्न! उलट, थोड्या जागेत पुष्कळ माणसे नेणारी ट्राम १९६४ च्या मार्चअखेर या शहराने निरोप देऊन बंद केली. तिच्या आठवणीने गहिवरणारी पुष्कळ मंडळी आज स्वतःच्या मोटारीत बसून गहिवरत असतात.

या गर्दीतील खरे गूढ म्हणजे हॉर्न. तो कोणाला उद्देशून वाजतो? पुढचा मनुष्य आपल्याइतकाच अडकलेला आहे, हे वाजविणाऱ्यास पक्के ठाऊक असते. आमच्या मते तो देवळातील घंटेसारखा आहे. त्याने काही घडावे अशी अपेक्षा नसते, मी येथे आलो आहे एवढेच कोणास तरी कळवावयाचे असते.

मुंबईच्या पोलिसांनी यावर एक मजेदार उपाय करून पाहिला होता. काही चौकांतील सिग्नलांना त्यांनी आवाज मोजणारे यंत्र जोडले. हॉर्नांचा गोंगाट ८५ डेसिबलच्या वर गेला की तांबड्या दिव्याचे आकडे पुन्हा पहिल्यापासून सुरू होत. २०२० च्या जानेवारीअखेर त्याचे चित्रण प्रसिद्ध झाले आणि सारा देश हसला. आम्हीही हसलो, पण मागाहून मनात आले की, वाजविणारे दहा आणि शिक्षा शंभरांना, हा न्याय कसा? मुकाट बसलेल्या नव्वदांचा काय अपराध? त्यांनी शेजाऱ्यास 'अहो, पुरे' म्हटले नाही, एवढाच ना? तेव्हा आम्हांस तो अपराध अगदीच क्षुल्लक वाटला होता.

गेल्या पावसाळ्यात एका लग्नासाठी आम्ही टॅक्सीने दादरहून परळकडे चाललो होतो. पाव तास एकही चाक हललेले नव्हते. इतक्यात मागून रुग्णवाहिकेचा आवाज आला, आणि आश्चर्य असे की, सगळी चाके हलली! कोणी पदपथावर चढला, कोणी बसला खेटून उभा राहिला, आणि मधोमध एक वाट निघाली. मनुष्यजातीविषयीचा आमचा आदर त्या क्षणी बराच वाढला. रुग्णवाहिका पुढे गेली. तिच्या पाठोपाठ, ती वाट मिटण्यापूर्वीच, एक मोटार शिरली, मग दुसरी, मग चारदोन दुचाक्या. आतल्या रोग्याचे दुखणे जणू या सर्वांच्या सोयीसाठीच उद्भवले होते.

आमच्या टॅक्सीवाल्याने आरशातून आमच्याकडे पाहिले. "साहेब, घालू का मागोमाग?"

आम्ही घड्याळाकडे पाहिले. मुहूर्ताला वीस मिनिटे उरली होती. आम्ही हो म्हटले नाही. परंतु नाही असेही म्हटले नाही, आणि खिडकीबाहेर पाहू लागलो. टॅक्सीवाला अनुभवी होता. त्याने गिअर टाकला.

अक्षता हाती पडण्यापूर्वीच आम्ही मांडवात होतो. वधूपित्याने हसत स्वागत केले. "अगदी वेळेवर! वाटेत गर्दी लागली नाही वाटते?"

"छे," आम्ही म्हणालो, "आज फारशी नव्हती."