चांगले मन आणि मजबूत नाव



आपले दोन्ही जिल्हे जंगलाचे म्हणून ओळखले जातात, पण ते तितकेच नद्यांचेही आहेत. वैनगंगा आणि वर्धा एकत्र येऊन प्राणहिता होते, भामरागडला पर्लकोटा, पामुलगौतमी आणि इंद्रावती भेटतात. पावसाळ्यात पर्लकोटा फुगली की भामरागडचा रस्ता बंद होतो. अशा वेळी आजारी माणसाला, बाळंतिणीला खाटेची कावड करून नाल्यापर्यंत आणतात आणि डोंग्यातून पलीकडे नेतात. खांद्यावर कावड घेणाऱ्यांच्या मनात प्रेमच असते. परंतु त्या प्रेमाने डोंग्याची फट बुजते का? आजच्या लेखाचा विषय हाच आहे.

समजा, एखाद्या गावातल्या चार भल्या माणसांनी ठरवले की ज्यांना चालता येत नाही, दिसत नाही, अशा आपल्या अपंग बांधवांनाही नदीची सफर घडवायची. त्यासाठी त्यांनी सुट्टीच्या दिवशी स्वतःच्या हातांनी लाकडी नाव बांधली. कोणी सागवान दिले, कोणी खिळे दिले, कोणी श्रम दिले. त्यांच्यात नाव बांधणारा कारागीर एकही नाही. ही नाव पाण्यात सोडावी का? आणि कोणी शंका घेतली, तर ‘अहो, आम्ही पुण्याचे काम करतो आहोत’ हे उत्तर पुरेसे आहे का?

हा प्रश्न काल्पनिक वाटेल. परंतु इंग्लंडमध्ये असे जहाज खरोखर बांधले गेले. अपंग आणि धडधाकट माणसांनी बरोबरीने समुद्रावर जावे म्हणून 1978 साली तेथे ‘ज्युबिली सेलिंग ट्रस्ट’ ही संस्था स्थापन झाली. तिने साउथॅम्प्टन येथे ‘टेनेशस’ नावाचे मोठे शिडाचे लाकडी जहाज बांधले आणि 2000 साली ते समुद्रावर गेले. बांधकामात शेकडो हौशी स्वयंसेवक होते, त्यांत स्वतः अपंग असलेलेही होते. त्या जहाजावर चाकाच्या खुर्चीसाठी रुंद वाटा होत्या, मजल्यांमध्ये लिफ्ट होत्या आणि अंध माणसालाही सुकाणू धरता यावे म्हणून बोलणारे होकायंत्र होते. संस्था 2023 च्या अखेरीस पैशांअभावी बंद पडली, पण तोपर्यंत हजारो अपंगांनी तिच्या जहाजांवर समुद्र पाहिला होता. प्रवासी म्हणून नुसते बसून नव्हे, तर खलाशी म्हणून काम करून.

हौशी माणसांच्या हातून एवढे मोठे काम कसे झाले? तर त्यांच्यावर देखरेख करायला अनुभवी जहाजबांधणी कारागीर होते. स्वयंसेवकाने रंधा मारायचा, फळी चिकटवायची, पण जोड पक्का झाला की नाही हे जाणकाराने ठरवायचे. नोहाचीही गोष्ट आठवून पाहा. तो काही जहाजे बांधणारा नव्हता. पण त्याला नुसती ‘श्रद्धा ठेव’ अशी आज्ञा झाली नाही. लांबी तीनशे हात, रुंदी पन्नास हात, उंची तीस हात असे माप मिळाले आणि आतून-बाहेरून डांबराचा लेप द्यायला सांगितले गेले. श्रद्धेच्या त्या कामातही मोजमाप होते आणि फटी बुजवणे होते.

आता दुसऱ्या बाजूने विचार करू. विल्यम क्लिफर्ड नावाच्या इंग्रज गणितज्ञाने 1877 साली एका निबंधात एका जहाजमालकाचे उदाहरण दिले आहे. त्याचे जहाज जुने झालेले असते. दुरुस्ती करावी असे त्याच्या मनात येते, पण खर्च मोठा असतो. मग तो मनाची समजूत घालतो की इतक्या फेऱ्या सुखरूप झाल्या, हीही होईल, देव सांभाळील. हळूहळू त्याचा त्यावर खरोखर विश्वास बसतो आणि जहाज माणसांसकट बुडते. क्लिफर्ड म्हणतो की विश्वास प्रामाणिक असला तरी मालक दोषी आहे, कारण तपासणी करून तो विश्वास त्याने कमावलेला नव्हता. इतकेच नव्हे, जहाज सुखरूप पोचले असते तरी तो तितकाच दोषी ठरला असता.

हा शेवटचा मुद्दा आपल्याला पटायला जड जातो. ‘आजवर काही झाले नाही ना!’ हे वाक्य आपल्या सर्वांच्या तोंडी असते. पण काही झाले नाही याचा अर्थ नाव मजबूत होती असा होत नाही. त्या दिवशी वारा नव्हता एवढाच अर्थ असू शकतो. 23 जानेवारी 2024 रोजी चामोर्शी तालुक्यात गणपूर रै जवळ वैनगंगेत डोंगा उलटला आणि मिरची तोडायला निघालेल्या सहा मजूर स्त्रियांचा जीव गेला. पावसाळा नव्हता, पूर नव्हता. त्या रोज कष्ट करणाऱ्या, हातीपायी धड स्त्रिया होत्या. त्या घटनेत दोष कोणाचा हे येथे बसून ठरवणे योग्य नाही. पण ज्याचे पाय हलत नाहीत, त्याच्यावर अशी वेळ आली तर काय होईल, हा विचार प्रत्येकाने करावा.

येथेच या प्रश्नाचे मर्म आहे. धडधाकट माणूस नाव उलटली तर निदान हातपाय मारतो, लाकूड धरतो. नावेची थोडी उणीव तो स्वतःच्या ताकदीने भरून काढतो. अपंग माणसाजवळ ती शिल्लक नसते, म्हणून सगळा भार नावेवर आणि नाव बांधणाऱ्यावर येतो. चाकाच्या खुर्चीचेच पाहा. खुर्चीत माणूस उंच बसतो, त्यामुळे नाव लवकर कलंडते. खुर्ची मोकळी ठेवली तर नाव कलताच ती घसरते आणि कल आणखी वाढतो. ती दोरीने नावेला पक्की बांधली, तर नाव उलटल्यावर माणूस खुर्चीसकट अडकतो. मग करायचे काय? माणसाला खुर्चीतून उतरवून खाली, मध्यभागी, टेकू देऊन बसवायचे आणि खुर्ची वेगळी बांधायची. तरंगण्याचे जाकीटही सर्वांना सारखे चालत नाही. ज्याच्या पायांत शक्ती नाही तो त्यात तोंडावर पालथा होऊ शकतो. म्हणून आधी कमरेइतक्या पाण्यात, दोघांनी धरून, ते घालून पाहिले पाहिजे. माणसे बसवण्यापूर्वी तितक्याच वजनाची वाळूची पोती नावेत ठेवून पाहिली पाहिजेत. नाव पाण्याने भरली तरी ती तरंगते का, हे काठाजवळ मुद्दाम भरून पाहिले पाहिजे.

या गोष्टी प्रेमाच्या आड येत नाहीत. वाळूची पोती वाहणे हेही प्रेमाचेच काम आहे, फक्त त्याचा फोटो कोणी काढत नाही. ब्रिटनमध्ये सॅम्युएल प्लिम्सॉल याने वर्षानुवर्षे झगडून 1876 साली कायदा करून घेतला आणि प्रत्येक जहाजाच्या अंगावर भाराची रेघ आली. रेघ पाण्याखाली गेली म्हणजे माल जास्त झाला. त्या साध्या रेघेने असंख्य खलाशांचे प्राण वाचवले. आपल्याकडेही 2021 च्या अंतर्देशीय जलयान कायद्यात यंत्र नसलेल्या नावांचा विचार केलेला आहे. पण कायदा काठावर पोचेपर्यंत आपल्या डोंग्यावर रंगाची एक रेघ ओढायला कोणाची हरकत आहे?

तथापि या सगळ्याचा उलटा अर्थ काढू नये. ‘धोका आहे ना, मग अपंगांनी घरीच बसावे’ असे म्हणणे सर्वांत सोपे असते, आणि ते बहुधा सांभाळणाऱ्याच्या सोयीचे असते. आपल्या वरोऱ्याजवळच्या आनंदवनाचे बाबा आमटे पाठीच्या दुखण्यामुळे बसू शकत नसत. तरीही 1985 साली ते कन्याकुमारीहून काश्मीरकडे ‘भारत जोडो’ यात्रेला निघाले. तरुण सायकलींवर आणि बाबा गाडीत झोपून. त्यांना कोणी ‘तुमच्या भल्यासाठी’ अडवून ठेवले असते तर ते भले कोणाचे झाले असते? आनंदवनात तर कुष्ठरोगाने बोटे झडलेल्या माणसांनी स्वतः विहिरी खोदल्या, घरे उभारली. अपंग माणसाला सफरीचा हक्क आहे, आणि धोका पत्करण्याचाही आहे.

पण धोका त्याने पत्करायचा असेल तर तो त्याला माहीत असला पाहिजे. फळी कोणी ठोकली, जाणकाराने पाहिली का, उलटली तर त्याला कोण आणि कसे बाहेर काढणार, हे त्याला सरळ सांगितले पाहिजे. त्याची आई किंवा भाऊ शेजारी उभा असेल तरी त्याच्याशी बोलून. सांगून घेतलेला धोका त्याचा असतो. लपवलेला धोका आपण त्याच्या नावावर घेतलेले कर्ज असते, आणि ते फेडावे लागते त्याला. स्वयंसेवक स्वतःचा जीव पणाला लावू शकतो, दुसऱ्याचा नाही.

आपल्या धर्मग्रामात कोणी नाव बांधत नसेल. पण मंदिराच्या पायरीवर चाकाच्या खुर्चीसाठी फळ्यांचा उतार आपण करतो, आजीला खुर्चीसकट उचलून नेतो, आजाऱ्याला ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसवतो. पुढच्या वेळी असे काम करताना तीन प्रश्न विचारू या. हे जाणकाराने पाहिले का? ज्याच्यासाठी केले त्याला विचारले का? आणि तुटले तर, जो स्वतःला सावरू शकत नाही त्याचे काय होईल? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर सापडले नाही, तर त्या रविवारी उतार वापरू नये. चौघांनी उचलून न्यावे आणि सोमवारी सुताराला बोलवावे.