शेंदराचे बोट आणि हाताची पकड

नवी गाडी घेतली की ती प्रथम जामसांवलीस न्यावी, असा आमच्यापैकी अनेक घरांत संकेत आहे. पहुडलेल्या मारुतीचे दर्शन होते, नारळ फुटतो, चाकांखाली लिंबे चिरडतात; आणि घरातील वडीलधारे तेलात कालवलेल्या शेंदराचे बोट गाडीच्या कपाळी व मग स्टिअरिंगवरही टेकवितात. पुढे छिंदवाड्याकडे निघालेल्यास सिल्लेवानीचा घाट चढावयाचा असतो. अशा वेळी चालविणाऱ्या मुलाने रुमाल काढून तो टिळा पुसावा काय?

प्रश्न दिसतो तितका क्षुल्लक नाही. स्टिअरिंगवरील कातड्याची पकड त्याच्या बारीक सुरकुत्यांत असते. घाम, तेल व धूळ यांनी त्या भरल्या की कातडे गुळगुळीत होते. त्यात आमची झळाळीची हौस! डॅशबोर्डसाठी असलेले सिलिकॉनचे पॉलिश लोक स्टिअरिंगलाही चोळतात. ते आरशासारखे चमकते आणि नेमके वळणावर निसटते. मग मूठ अधिकच आवळली जाते, मनगटे भरून येतात. वास्तविक सौम्य साबणाच्या पाण्यात भिजवून घट्ट पिळलेल्या फडक्याने पुसावे, मऊ ब्रश हलका फिरवावा, कोरडे करावे, इतकेच पुरते. एवढ्याने न भागल्यास दोऱ्याने ताणून शिवलेले आवरण घालावे. सैल आवरण मात्र निसरड्या कातड्याहूनही वाईट, कारण ते स्वतःच फिरते.

आमच्या पूर्वजांस हा विवेक होता. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाच्या खांद्यास हळद-तूप चोळीत, शिंगांस हिंगूळ लावीत; कासऱ्यास तूप लावल्याचे मात्र कोणी ऐकले नसेल.

यावर कोणी म्हणेल, रक्षणकर्ता मारुती असता ही भीती कशाला? आम्हांस हा युक्तिवाद पटत नाही. देवावर भार टाकून धोका पत्करावयाचा तर तो आपला स्वतःचा पत्करावा. समोरून संत्र्यांचा ट्रक घेऊन येणाऱ्यास, किंवा शनिवारी रस्त्याच्या कडेने पायी दर्शनास निघालेल्या म्हातारीस, आपल्या श्रद्धेच्या हवाली करण्याचा अधिकार आपणांस कोणी दिला? स्टिअरिंग आपल्या मालकीचे असेल. त्यावरील पकड मात्र आपण त्यांचे देणे लागतो.

तरीही दुसरी बाजू हलकी नव्हे. टिळा लावणारा हात थरथरता असतो, आणि त्याच्या डोळ्यांदेखत तो पुसणे म्हणजे त्या मायेवरच फडके फिरविणे. म्हणून मुलाने पुसावे, पण चोरून नव्हे, आणि तोऱ्यातही नव्हे. घाट लागण्यापूर्वी गाडी थांबवावी, आजोबांस कारण सांगावे आणि फडके त्यांच्याच हाती द्यावे. बॉनेटवरचा शेंदूर मात्र राहू द्यावा. पुढल्या पावसापर्यंत तो तेथे सुखाने टिकतो.