एक काल की अनेक घड्याळे?

लंडन आणि न्यूयॉर्क यांच्यातले हवाई अंतर सुमारे ५,५५० किलोमीटर असून ते कोणत्याही टोकाकडून मोजले तरी तेवढेच भरते. परंतु पश्चिमेकडे जाणाऱ्या विमानाला ते कापायला साधारण आठ तास लागतात, तर पूर्वेकडे येणाऱ्याला सातच्या आसपास, कारण अटलांटिकवर उंचावरून पूर्वेकडे धावणारा वाऱ्याचा झोत एकाला पुढे ढकलतो आणि दुसऱ्याला समोरून अडवतो. तरीही 'न्यूयॉर्क आठ तासांवर आहे' असे सहज म्हटले जाते, आणि देश व काल ही दोन तत्त्वे एकाच मापात मिसळली जातात.

वैशेषिक दर्शनाने ती कटाक्षाने वेगळी ठेवली. नऊ द्रव्यांमध्ये दिक् (म्हणजे देश) आणि काल यांची स्वतंत्र गणना करून त्याने परत्व (दूर किंवा आधीचे असणे) आणि अपरत्व (जवळ किंवा नंतरचे असणे) या गुणांचेही दैशिक व कालिक असे दोन प्रकार मानले, आणि हे गुण अपेक्षाबुद्धीवाचून, म्हणजे 'अमुकाच्या तुलनेत' असे पाहणाऱ्या ज्ञानावाचून, उत्पन्न होत नाहीत असे सांगितले. काल मात्र एक, सर्वव्यापी आणि नित्य. तास, दिवस, वर्ष हे भेद केवळ उपाधींमुळे, म्हणजे सूर्यगतीसारख्या बाह्य निमित्तांमुळे, त्याच्यावर आरोपित होतात.

ध्वनीच्या दुप्पट वेगाने जाणारे कॉंकॉर्ड विमान लंडनहून निघून न्यूयॉर्कला साडेतीन तासांच्या आसपास पोहोचत असे, आणि दोन्ही शहरांच्या घड्याळांत पाच तासांचा फरक असल्यामुळे प्रवासी निघाल्या वेळेच्या आधीच उतरल्याचे तिथले घड्याळ दाखवी. वैशेषिकांच्या दृष्टीने यात विरोध नाही, कारण दोन घड्याळे म्हणजे सूर्याशी जोडलेल्या दोन उपाधी होत. उपाधी भिन्न झाल्याने काल भिन्न होत नाही.

खरी अडचण १९७१ साली उभी राहिली. जोसेफ हाफेले आणि रिचर्ड कीटिंग या शास्त्रज्ञांनी अणुघड्याळे प्रवासी विमानांतून पृथ्वीभोवती फिरवली, तेव्हा जमिनीवरच्या घड्याळांच्या तुलनेत पूर्वेकडे गेलेली सुमारे ५९ नॅनोसेकंद (सेकंदाचा अब्जावा भाग) मागे पडली, तर पश्चिमेकडे गेलेली सुमारे २७३ नॅनोसेकंद पुढे गेली. हा फरक सूर्यामुळे किंवा यंत्रदोषामुळे नव्हे, तर वेग आणि उंची यांच्यामुळे पडला, आणि सापेक्षता सिद्धांताने तो आधीच वर्तवलेला होता. म्हणजे मापाची अनेकता केवळ आरोपित नाही, आणि सर्वांना समान अशा एकाच कालप्रवाहाचा सिद्धांत जसाच्या तसा टिकवता येत नाही.

तथापि यातून काल हा भासच आहे, असा निष्कर्ष निघत नाही. किती वेळ गेला, याविषयी दोन घड्याळांचे एकमत होईलच असे नाही. पण विमान आधी निघाले आणि नंतर पोहोचले, या क्रमाविषयी कोणत्याही निरीक्षकाचे दुमत होऊ शकत नाही, कारण कारण आणि कार्य यांचे पौर्वापर्य कोणत्याही वेगाने उलटत नाही. उत्पन्न होणाऱ्या प्रत्येक वस्तूचे निमित्तकारण म्हणून वैशेषिकांनी कालाला जे स्थान दिले, त्याचा गाभा या पौर्वापर्यात सुरक्षित राहतो. कर्मसिद्धांतालाही तेवढाच आधार पुरेसा आहे: कर्म आणि फल यांच्यातला अवधी प्रत्येकाच्या मापाने वेगळा असू शकेल, पण फल कर्माच्या आधी येत नाही; म्हणूनच कालाचे माप सापेक्ष ठरले तरी कर्त्याचे उत्तरदायित्व सापेक्ष ठरत नाही.