सुटकेनंतरचे पहिले दोन आठवडे

अमेरिकेत सामान्य नागरिकाला उपचारांचा घटनात्मक हक्क नाही. कैद्याला मात्र आहे. १९७६ साली ‘एस्टेल विरुद्ध गॅम्बल’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, कैद्याच्या गंभीर आजाराकडे जाणूनबुजून दुर्लक्ष करणे ही क्रूर शिक्षाच ठरते. शिक्षा संपताच हा हक्कही संपतो, आणि नेमका तेव्हाच जिवाला सर्वाधिक धोका असतो.

वॉशिंग्टन राज्यातल्या तुरुंगांतून सुटलेल्या तीस हजारांहून अधिक जणांचा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. वय, लिंग आणि वंश लक्षात घेऊनही पहिल्या दोन आठवड्यांत त्यांच्या मृत्यूचा धोका इतर रहिवाशांच्या १२.७ पट निघाला. अमली पदार्थांच्या अतिसेवनाने मरण्याचा धोका तर १२९ पट होता.

तुरुंगात अफूजन्य पदार्थ सुटले की शरीराची सहनशक्ती ओसरते. बाहेर आल्यावर जुनीच मात्रा घेतली तर श्वास थांबतो. सुटताना बरोबर दिलेल्या मधुमेहाच्या किंवा रक्तदाबाच्या गोळ्याही थोड्याच दिवसांत संपतात. १९६५ च्या कायद्यानुसार तुरुंगात असताना मेडिकेड, म्हणजे गरिबांचा सरकारी आरोग्यविमा, सहसा उपचारांचा खर्च देत नाही. सुटल्यावर तो पुन्हा सुरू करून घ्यावा लागतो. कैद्यांमध्ये दहांत नऊहून अधिक पुरुष, आणि मुलांची जबाबदारी अंगावर नसलेल्या गरीब पुरुषाला हा विमा बहुतेक ठिकाणी मिळतच नव्हता. २०१४ पासून अनेक राज्यांनी त्याला सामावून घेतले. टेक्सास आणि फ्लोरिडाने अजूनही नाही.

हे मृत्यू टाळता येतात.

ऱ्होड आयलंडने २०१६ मध्ये तुरुंगातच मेथाडोन, ब्युप्रेनॉर्फिन आणि नाल्ट्रेक्सोन ही अफूजन्य पदार्थांच्या व्यसनावरची औषधे द्यायला सुरुवात केली, आणि सुटकेनंतरही उपचार चालू राहतील अशी सोय केली. वर्षभरात सुटलेल्यांचे अतिसेवनाने होणारे मृत्यू ६१ टक्क्यांनी घटले. सॅन फ्रान्सिस्कोत डॉ. एमिली वांग आणि डॉ. क्लेमेन्स हाँग यांनी २००६ मध्ये ‘ट्रान्झिशन्स क्लिनिक’ सुरू केले. तिथली आरोग्यसेवक मंडळी स्वतः तुरुंगवास भोगलेली असतात. बेड्या घालून दवाखान्यात नेला गेलेला माणूस डॉक्टरवर सहज विश्वास ठेवत नाही. त्याला समजावणे त्यांना जमते.

जानेवारी २०२३ मध्ये कॅलिफोर्नियाला सुटकेआधीच्या ९० दिवसांत मेडिकेडमधून काही सेवा देण्याची परवानगी मिळाली. खटला चालू असलेल्यांच्या स्थानिक कोठड्यांत मात्र हे अवघड आहे. तिथला माणूस जामिनावर चार दिवसांत, कधी मध्यरात्रीही सुटतो. त्याच्यासाठी नोंदणी, औषधे आणि डॉक्टरची भेट यांची तयारी आत येताच, पहिल्याच दिवशी सुरू करावी लागेल.