झाडपाल्यालाही तोच प्रश्न विचारा

फुफ्फुसाचा कर्करोग पुढच्या टप्प्याला गेल्याचे कळले की वाशीम, रिसोड, मानोऱ्याकडच्या अनेक घरांत दोन निर्णय परस्पर होतात. रोग्याला रोगाचे नाव सांगायचे नाही आणि कुणीतरी सुचवलेला झाडपाला देऊन पाहायचा. तो आजवर किती जणांना दिला, त्यातले किती दगावले, हे कुणी विचारत नाही. पण डॉक्टरांनी औषधाच्या चाचणीचे नाव काढताच आपण ठणकावतो, 'आमच्या माणसावर प्रयोग नको.' झाडपाला हाही प्रयोगच आहे. फक्त त्याची नोंद नाही आणि जबाबदारही कुणी नाही.

चाचणी काय करते ते पाहा. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाने ईजीएफआर जनुकात बदल असलेल्या ३५० रुग्णांचे दोन गट केले. एकाला जेफिटिनिबची गोळी, दुसऱ्याला त्याच गोळीबरोबर पेमेट्रेक्सेड आणि कार्बोप्लॅटिन ही केमोथेरपीची औषधे, म्हणजे जोडउपचार. २०१९ मध्ये निष्कर्ष आले. रोग आटोक्यात राहण्याचा मध्यक काळ ८ महिन्यांवरून १६ वर गेला. गंभीर दुष्परिणामही २५ टक्क्यांवरून ५१ टक्क्यांवर गेले. लाभाइतकाच ठळकपणे तोटाही जाहीर झाला. असा हिशेब कोणत्या वैदूने कधी दिला आहे?

'गरिबाला फसवून सही घेतली तर?' ही शंका रास्त आहे. म्हणूनच औषध चाचण्यांसाठीच्या २०१९ च्या नियमांनी नीतिसमितीची मंजुरी, समजून दिलेली संमती आणि चाचणीमुळे इजा झाल्यास मोफत उपचार व भरपाई बंधनकारक केली. संमतिपत्र मराठीत मागा, शंका विचारा, पटले नाही तर नकार द्या. तो तुमचा हक्क आहे.

'सुई टोचली की गाठ पसरते' या भीतीने गाठीचा तुकडा तपासायला (बायोप्सीला) नकार देणे मात्र आत्मघात आहे. तपासणीवाचून जनुकातला बदल कळत नाही आणि योग्य औषध ठरत नाही.

उरतो प्रश्न रोग्यापासून रोग लपवण्याचा. ज्याला आपला रोगच माहीत नाही, तो संमती कशी देणार? आयुष्यभर घर चालवणाऱ्या माणसाला त्याच्याच देहाच्या निर्णयातून वगळणे ही माया नव्हे, त्याच्या माणूसपणाचा अवमान आहे. जोडउपचार घ्यायचा, चाचणीत जायचे की केवळ वेदनाशमन हवे, हे त्याने ठरवावे. त्यासाठी आधी त्याला खरे सांगण्याचे धैर्य आपण दाखवले पाहिजे.