विलंबाचे ऋण

१ ऑक्टोबर २०२२ या दिवशी दिल्ली येथे पाचव्या पिढीच्या मोबाइल-सेवेचे उद्घाटन झाले. त्यापूर्वी दोनच महिने या लहरींच्या लिलावात सुमारे दीड लाख कोटी रुपयांची बोली झाली होती. पुढे गच्च्यांवर आणि गावांच्या वेशींवर नवी यंत्रे चढू लागली, आणि दुकानात, आगगाडीत, लग्नमंडपात जो तो एकमेकांस विचारू लागला, ‘तुमच्याकडे फाइव्ह-जी आले का?’ हा प्रश्न गैर आहे असे आम्ही म्हणत नाही. परंतु त्याच्या जोडीला आणखी एक प्रश्न विचारावयास हवा होता, तो मात्र कोणी विचारलेला आमच्या ऐकण्यात नाही. निरोप पोचण्यास आजवर जो वेळ लागत असे, तो वेळ आपल्यासाठी कोणते काम करीत होता?

वेगाची निंदा करण्याचा आमचा हेतू नाही. १८५४ साली अर्ध्या आण्याच्या तिकिटावर हलके पत्र देशात कोठेही जाऊ लागले, तेव्हा परगावी दिलेल्या लेकीचे कुशल कळणे सामान्य गृहस्थाच्या आवाक्यात आले. १८५० साली कलकत्ता आणि डायमंड हार्बर यांच्या दरम्यान जी प्रायोगिक तार बसली, तिची संतती २०१३ च्या जुलैपर्यंत या देशात सुखदुःखाच्या वार्ता वाहत राहिली. ३१ जुलै १९९५ रोजी कलकत्त्याहून दिल्लीस पहिले मोबाइल-संभाषण झाले, २०१६ नंतर चौथ्या पिढीची सेवा स्वस्त होऊन खेडोपाडी पोचली, आणि आता पाचवी पिढी आली आहे. यांतील प्रत्येक पावलाने कोणाचे तरी अश्रू वेळेवर पुसले आहेत. २०२० साली शाळा बंद पडल्या, त्या वेळी कोकणातील मुले सिग्नल मिळावा म्हणून डोंगर चढून अभ्यास करीत होती. त्यांच्यापुढे उभे राहून संथपणाचे गोडवे गाण्याचे धैर्य आम्हांस तरी होणार नाही.

तथापि जुन्या व्यवस्थेत एक गोष्ट अशी होती, की तिचा हिशेब कोणी ठेवला नाही. आमच्या आजोळी एक वडीलधारे गृहस्थ होते. वाटणीच्या वादावरून त्यांनी एका रात्री धाकट्या भावास चार पाने पत्र लिहिले. त्यात असे काही शब्द होते की ते वाचल्यावर भावाने पुन्हा त्या घराचा उंबरठा ओलांडला नसता. पत्र लिहून, पाकीट चिकटवून ते झोपले. गावातील टपालपेटी दुसऱ्या दिवशी दहाच्या सुमारास उघडत असे. सकाळी स्नान करून ते ओटीवर बसले, पाकीट फोडून पत्र पुन्हा वाचले, आणि चुलीत घातले. ही हकीकत त्यांनीच आम्हांस सांगितली, आणि शेवटी म्हणाले, ‘त्या दिवशी मी शहाणा होतो असे समजू नका. पेटी बंद होती, एवढेच.’

त्या वाक्यातील सत्य आम्हांस पुष्कळ वर्षांनी उमगले. मनुष्याच्या मनात क्रोध, भय आणि मत्सर हे क्षणात उठतात, आणि विवेक मात्र पायी चालत मागून येतो. दोहोंमधील अंतर जितका वेळ राखले जाते, तितकाच वेळ मनुष्य स्वतःच्या हातून वाचू शकतो. पूर्वी हे अंतर राखण्याचे काम टपालपेटी करीत असे, पोस्टमनची फेरी करीत असे, तारेतील शब्दागणिक पडणारा आकार करीत असे. पाचव्या पिढीच्या आंतरराष्ट्रीय मानकांत, अत्यंत तातडीच्या कामांकरिता, संदेशाच्या प्रवासातील विलंब एक सहस्रांश सेकंदापर्यंत खाली आणण्याचे उद्दिष्ट आहे. विवेकाची चाल मात्र होती तीच राहिली आहे.

हे आम्ही इतरांस उपदेश म्हणून लिहीत नाही, कारण आमचे स्वतःचे हात स्वच्छ नाहीत. २०२० च्या उन्हाळ्यात आमच्या आळीत येणाऱ्या एका भाजीवाल्याविषयी एक मजकूर आमच्या फोनवर आला. त्याच्या घरी साथीचा रुग्ण असून तो ते लपवून भाजी विकीत आहे, असा त्याचा आशय होता. आम्ही तो वाचला आणि पुढच्याच क्षणी आळीतील साऱ्या मंडळींस पाठविला. त्या वेळी आपण सावधगिरीचे सत्कर्म करीत आहो अशीच आमची समजूत होती. दुसऱ्या दिवशी त्या मनुष्याच्या हातगाडीपाशी कोणी गेले नाही, तिसऱ्या दिवशी तो आला नाही. आठवड्याने कळले की रुग्ण त्याच आडनावाच्या दुसऱ्या एका कुटुंबात होता. आम्ही चूक कबूल करणारा मजकूरही त्याच मंडळींस पाठविला. तो तितक्याच वेगाने गेला. पण पहिल्यास जितके वाचक लाभले तितके त्यास लाभले नाहीत. भय मनुष्य पुढे धाडतो, दुरुस्ती वाचून ठेवून देतो.

आमच्या उतावळेपणाची किंमत एका गरिबाने उपजीविकेच्या रूपाने भरली. अन्यत्र ती प्राणांनी भरली गेली आहे. १ जुलै २०१८ रोजी, रविवारी, धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे आठवड्याचा बाजार भरला असता, भिक्षेकरी नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच माणसांस जमावाने ठार मारले. मुले पळविणारी टोळी फिरत आहे, अशा अफवा त्यापूर्वी काही दिवस फोनवरून पसरत होत्या. मारणारे हात माणसांचे होते, यंत्राचे नव्हते. आणि अफवा हे काही मोबाइलचे अपत्य नव्हे. २१ सप्टेंबर १९९५ रोजी गणपती दूध पितो ही वार्ता साध्या टेलिफोनवरून एका दिवसात देशभर गेलीच होती. परंतु ती वार्ता सांगण्यास प्रत्येकाला एकेक क्रमांक फिरवून तोंडाने बोलावे लागत होते, आणि बोलताना पलीकडचा मनुष्य ‘तू स्वतः पाहिलेस काय?’ असे विचारू शकत होता. आता बोटाच्या एका स्पर्शाने शेकडो घरी निरोप जातो, आणि तो प्रश्न विचारण्यास मध्ये कोणी उभा नसतो.

राईनपाड्याच्या त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक मजकूर एका वेळी पाचांहून अधिक ठिकाणी पुढे धाडण्यास मनाई केली. आणि एप्रिल २०२० मध्ये, फार वेळा फिरलेला मजकूर एका वेळी एकाच ठिकाणी धाडता येईल असा निर्बंध जगभर घातला. या घटनेचा अर्थ वाचकांनी ध्यानात घ्यावा. ज्यांचा सारा व्यवसाय वेगावर उभा, त्यांनाच मार्गात थोडा अडथळा आपल्या हाताने परत ठेवावा लागला. काढून टाकलेली टपालपेटी त्यांनी लहानशा रूपात पुन्हा बसविली.

यावर कोणी म्हणेल, मग सरकारनेच वेग आवरावा. हा उपाय आम्हांस मान्य नाही, आणि त्याची परीक्षाही होऊन गेली आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये जम्मू-काश्मीरमधील इंटरनेट-सेवा सुरक्षिततेच्या कारणास्तव बंद करण्यात आली. जानेवारी २०२० पासून ती दुसऱ्या पिढीच्या मंद गतीने टप्प्याटप्प्याने सुरू झाली, आणि चौथ्या पिढीची सेवा सर्वत्र परत मिळण्यास फेब्रुवारी २०२१ उजाडावा लागला. त्या अवधीतच महामारी आली. शाळा घरी आल्या, आणि वैद्यांस नवी माहिती तातडीने हवी होती. त्या मंदतेने खोटे बोलणाऱ्याबरोबर शिकणाऱ्यासही अडविले. दुसऱ्याने आपल्यावर लादलेला विलंब हा संयम नव्हे, तो निर्बंध होय. आणि निर्बंधाने मनुष्य फार तर थांबतो, शहाणा होत नाही.

येथेच आम्हांस आमच्या आजोळच्या वृद्धांचे वाक्य पुन्हा आठवते. पेटी बंद होती, एवढेच. म्हणजे मागील पिढ्यांच्या ज्या धीराची आपण वाखाणणी करतो, त्यातील मोठा वाटा त्यांच्या शीलाचा नसून टपालखात्याच्या वेळापत्रकाचा होता. ते पत्र जाळण्याचे श्रेय त्यांनी घेतले नाही, हा त्यांचा प्रामाणिकपणा. आपल्या दारची पेटी मात्र आता अहोरात्र उघडी आहे. तेव्हा आज जो थांबेल, तो स्वतःच्या इच्छेने थांबेल, आणि त्याचा संयम सर्वस्वी त्याचा असेल. नव्या वेगाने आपणांस एक संरक्षण गमवावयास लावले हे खरे. पण त्याबरोबरच जो सद्गुण आजवर परिस्थितीकडून उसना मिळत होता, तो स्वतः कमावण्याची संधीही दिली आहे.

हे कमावणे फार अवघड आहे असेही नाही. अपघात, आजार, पूर यांची वार्ता जरूर तत्काळ जावी. त्यासाठीच तर हे टॉवर उभे आहेत. परंतु ज्या मजकुरात कोणा मनुष्यावर दोषारोप आहे, किंवा जो लिहिताना आपला हात रागाने कापत आहे, तो एक रात्र ठेवावा आणि सकाळी पुन्हा वाचावा. एवढा नियम घरातील वडील माणसांनी पाळला, तर मुलांस तो निराळा शिकवावा लागणार नाही.

तो भाजीवाला पुढे एका वर्षाने आमच्या आळीत पुन्हा येऊ लागला. तो मजकूर कोणी धाडला हे त्यास ठाऊक नव्हते. त्यास ते सांगावे की नाही, याचा विचार आम्ही बरेच दिवस केला, आणि अखेर एका सकाळी खाली उतरून सांगितले. तो काही वेळ काही बोलला नाही. मग तराजूत मेथीची जुडी ठेवीत म्हणाला, ‘साहेब, एकदा खाली येऊन मला विचारायचे होते.’ आमच्या घरापासून त्याच्या हातगाडीपर्यंत तीस पायऱ्या आहेत.